जात्याला रहाटाचा कणा बसत नाही : लॉन ट्रॅक्टरचं इंजिन स्वस्तात बदलण्याआधी

बाबांची उभी हयात सांगलीकडच्या विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात गेली. ओहायोतल्या आमच्या घरी ते पहिल्यांदा आले, तेव्हा गॅरेजमधल्या लॉन ट्रॅक्टरला त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. "गवत कापायला बसायची गाडी?" हा पहिला प्रश्न. ट्रॅक्टर निळा धूर मारतोय आणि मी इंजिनच बदलायच्या विचारात आहे असं सांगितल्यावर दुसरा : "इंजिन कसलं बदलतोस? बोअर करून घे, ओव्हरसाइज पिस्टन टाक, नव्या रिंगा घाल. एवढ्यासाठी अख्खं इंजिन टाकतात होय?"

प्रश्न रास्त होता. तिकडे लेथवाल्याकडे सिलिंडर सकाळी दिला की संध्याकाळी बोअर होऊन मिळतो. इथे माणसाच्या एका तासाची मजुरीच शंभर डॉलरच्या आसपास. छोटं इंजिन उघडून, बोअर करून, पुन्हा जोडायचं बिल इंजिनाच्या किमतीवर जातं, म्हणून दुकानदारच म्हणतो की याला हात लावू नका. मग माणूस रात्री जाहिराती चाळायला लागतो. "२२ हॉर्सपॉवर, इलेक्ट्रिक स्टार्ट, हजार डॉलरच्या आत." हात शिवशिवतात, ऑर्डर जाते. चार दिवसांनी खोकं उघडलं की कळतं, शाफ्ट भलत्याच बाजूनं बाहेर आलाय. माझ्या ओळखीच्या दोन घरांत अशी खोकी आजही पडून आहेत.

त्यात गेल्या काही वर्षांत या धंद्याची घडीच विस्कटली. मिलवॉकीची ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन, छोटी इंजिनं बनवणारी १९०८ पासूनची कंपनी, जुलै २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि पुढे नव्या मालकाकडे आली. कोहलरचा इंजिनांचा व्यवसाय २०२४ मध्ये विकला गेला आणि 'रेल्को' या नव्या नावानं उभा राहिला. होंडानं अमेरिकेतल्या बाजारासाठी ढकलून गवत कापायचे पेट्रोल मोअर बनवणं २०२३ मध्ये थांबवलं. त्यामुळे जुन्या यंत्राला आता काय बसवायचं, हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे आणि त्याची उत्तरं फारच घाईनं दिली जातात.

हे यंत्र आहे तरी काय

एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. आमचं आवार पाऊण एकर, म्हणजे तीस गुंठे नुसतं गवत. ना भुईमूग, ना भाजी. मे महिन्यात ते भराभर वाढतं, आणि फार वाढू दिलं तर बऱ्याच गावांत नगरपालिकेची नोटीस येते. हातानं ढकलायचा मोअर तिथे पुरत नाही, म्हणून बसून चालवायचा.

रचना साधी आहे. पुढे इंजिन. त्याच्या शाफ्टवर दोन पुल्या. एका पुलीवरचा पट्टा मागच्या गिअरबॉक्सकडे जातो आणि चाकं फिरवतो. दुसऱ्या पुलीवरचा पट्टा पोटाखालच्या लोखंडी टपाकडे जातो, त्याला इथे डेक म्हणतात. डेकमध्ये दोन-तीन पाती जमिनीला समांतर गरगरतात. पाती हवी तेव्हा जोडायची आणि सोडवायची व्यवस्था म्हणजे पीटीओ. बऱ्याच ट्रॅक्टरांत ती विजेवर चालणाऱ्या क्लचनं होते. एवढे शब्द पुरेत.

उभा की आडवा

आता मूळ मुद्दा. घरातलं जातं आठवा आणि विहिरीवरचा रहाट आठवा. दोन्ही गोल फिरतात. पण जात्याचा खुंटा उभा असतो आणि रहाटाचा कणा आडवा. रहाटाचा कणा कितीही मजबूत असला तरी जात्याला त्याचा उपयोग नाही.

इंजिनांचंही तसंच. काहींचा शाफ्ट खाली जमिनीकडे जातो, ही उभ्या शाफ्टची. काहींचा बाजूनं बाहेर येतो, ही आडव्या शाफ्टची. लॉन ट्रॅक्टरमधली पाती जमिनीला समांतर फिरतात, म्हणून त्यांच्या पुल्याही आडव्या पडलेल्या ताटासारख्या असतात आणि इंजिन उभ्या शाफ्टचं लागतं. गेल्या तीसेक वर्षांत मोठ्या दुकानांतून विकले गेलेले जवळपास सगळे लॉन ट्रॅक्टर याच जातीचे आहेत.

"मग आडवं इंजिनच उभं करून ठेवलं तर?" हा प्रश्न मला तीन वेगवेगळ्या इंजिनिअरांनी विचारलाय, त्यातला एक मेकॅनिकलचा होता. नाही चालत. आडव्या इंजिनात तेल तळाशी असतं आणि कनेक्टिंग रॉडचं शेपूट ते उडवून सगळीकडे शिंपडतं. इंजिन कलंडवलं की तेल भलतीकडे जमतं, बेअरिंगं कोरडी पडतात, कार्बोरेटरचा फ्लोटही आडवा होतो. पट्ट्याला नव्वद अंशांचा पीळ देऊन किंवा काटकोनी गिअर लावून जुगाड करणारे आहेत, पण त्या खर्चात आणि श्रमात दुसरा चालू ट्रॅक्टर येतो.

स्वस्त इंजिनं आडवीच का सापडतात

यामागे थोडा इतिहास आणि थोडा सरकारी कागद आहे. होंडानं १९८३ मध्ये जीएक्स मालिकेची छोटी इंजिनं आणली. आडवा शाफ्ट, डोक्यावर वॉल्व्ह, सुरू व्हायला सोपी, तेल खाणं कमी. पाण्याचे पंप, जनरेटर, सिमेंटचे मिक्सर, सगळीकडे ती गेली. मूळ पेटंटं संपली तशी चिनी कारखान्यांनी तीच मापं घेऊन हुबेहूब इंजिनं काढायला सुरुवात केली. आपल्याकडे शेतात पॉवर वीडर चालतो, त्यावरचं पेट्रोल इंजिन पाहिलंत तर बहुधा त्याच घराण्यातलं निघेल. एकाच मापाची इंजिनं जगभर इतक्या प्रमाणात बनतात म्हटल्यावर ती स्वस्त पडणारच.

उभ्या शाफ्टला असं जगभर गिऱ्हाईक नाही. ते मुख्यतः गवत कापायला लागतं, आणि एवढं गवत कापायची हौस मुख्यतः अमेरिकेला. तिथेही चिनी उभी इंजिनं येऊ लागली तेव्हा अमेरिकन उत्पादकांनी सरकारकडे तक्रार केली. २०२१ मध्ये चीनहून येणाऱ्या उभ्या शाफ्टच्या इंजिनांवर अँटी-डम्पिंग शुल्क लागलं. परदेशी माल रास्त किमतीपेक्षा खाली विकला जातोय असं ठरलं, तर तो फरक भरून काढायला लावलेला हा जादा कर. तिकडच्या सरकारी अनुदानाचा फायदा पुसण्यासाठी आणखी एक शुल्क वेगळं. एक आदेश ९९ ते २२५ सीसीच्या इंजिनांसाठी, दुसरा २२५ ते ९९९ सीसीसाठी. लॉन ट्रॅक्टर या दुसऱ्यात येतात. त्या आदेशांच्या नावातच 'उभ्या शाफ्टची' असं लिहिलेलं आहे. आडवी त्यातून सुटली.

म्हणून जाहिरातीतलं ते २२ हॉर्सपॉवरचं स्वस्त इंजिन बहुतेक वेळा आडवंच निघतं. विकणारा फसवत नसतो, तो 'आडवा शाफ्ट' असं लिहितोच. आपणच वाचत नाही.

आधी पंचनामा : इंजिन खरंच मेलंय का

बाबांनी माझ्याकडे स्पार्क प्लगचा पाना मागितला तो इथे. त्यांच्या मते दहातली निम्मी 'मेलेली' इंजिनं जिवंत असतात. आकडा त्यांचा आहे, पण अनुभव मलाही तोच आला.

सगळ्यात फसवं लक्षण म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन अर्धा फेरा घेऊन अडतं. लोक बॅटरी बदलतात, मग स्टार्टर बदलतात. खरं कारण पुष्कळदा टॅपेटचं, म्हणजे वॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचं, असतं. या इंजिनांत सुरू होताना एक वॉल्व्ह किंचित उघडा धरणारी यंत्रणा असते, म्हणजे दाब थोडा सुटतो आणि स्टार्टरला ओझं हलकं होतं. टॅपेटमधलं अंतर वाढलं की वॉल्व्ह उचललाच जात नाही आणि स्टार्टर पूर्ण दाबाशी झुंजत बसतो. टॅपेट सेट करायला फीलर गेज, म्हणजे अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या, आणि अर्धा तास लागतो. या एका गोष्टीपायी भंगारात गेलेले ट्रॅक्टर मी पाहिलेत.

पातं बुंध्यावर आपटल्यानंतर इंजिन सुरू होईना किंवा उलटा झटका देऊ लागलं, तर फ्लायव्हीलची, म्हणजे शाफ्टवरच्या जड चाकाची, चावी बघावी. ही कुलपाची चावी नव्हे. इंचभर लांबीचा मऊ धातूचा तुकडा असतो. धक्का बसला की शाफ्ट वाचावा म्हणून तो स्वतः कातरला जातो. त्यानं ठिणगीची वेळ चुकते. किंमत दोन-चार डॉलर.

आणि निळा धूर. रिंगा गेल्या, असा निकाल लगेच देऊ नये. एका सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडर आणि पुशरॉडची पोकळी यांच्यामधला हेड गॅस्केटचा भाग अगदी अरुंद असतो. तो तिथेच जळाला की ज्वलनाचा दाब तेलाच्या खोलीत घुसतो आणि तेल इंजिनाच्या श्वासनळीतून (ब्रीदरमधून) कार्बोरेटरकडे ढकललं जातं. धूर तोच, रोग निराळा, आणि खर्च गॅस्केटपुरता.

फरक कळण्यासाठी लीक-डाउन टेस्ट करतात. नाव भारी आहे, तत्त्व सायकलच्या पंक्चरचं. पिस्टन वरच्या टोकाला, दोन्ही वॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि कुठून फुसफुसते ते ऐकायचं. सायलेन्सरमधून आवाज आला तर एक्झॉस्ट वॉल्व्ह. कार्बोरेटरमधून आला तर इनटेक वॉल्व्ह. तेल भरायच्या तोंडातून जोरात आली तर रिंगा, सिलिंडर किंवा ते गॅस्केट, म्हणजे हेड उघडून बघणं आलं. साधं कॉम्प्रेशन गेज इथे दगा देतं, कारण मघाशी सांगितलेली दाब सोडणारी यंत्रणा धडधाकट इंजिनाचाही आकडा कमी दाखवते. हवा भरताना शाफ्ट झटक्यानं फिरू शकतो. पीटीओ सोडवून, हात पट्ट्यांपासून लांब ठेवून करावं.

आमच्या बाबतीत हवा तेलाच्या तोंडातून आली. हेड उघडलं तर गॅस्केट शाबूत, आणि सिलिंडरला नखाला लागतील असे उभे ओरखडे. दोन उन्हाळे मी एअर फिल्टर नुसता झटकून परत बसवत होतो, त्याचा हा प्रसाद. बाबांनी नख फिरवून पाहिलं, काही बोलले नाहीत.

चार मापं, मग बाकीचं

इंजिन बदलायचं ठरलं की टेप घेऊन बसावं. जुन्या इंजिनाचा मॉडेल नंबर पत्र्यावर कोरलेला असतो, तोही उतरवून घ्यावा.

शाफ्टची जाडी : बहुतेक लॉन ट्रॅक्टरांत एक इंच. लांबी : बहुधा ३ इंच आणि वर पाच-बत्तीसांश. लांबी कमी पडली तर दोन पुल्यांतली एक पट्ट्याच्या रेषेत येत नाही, आणि पट्टा आठवड्यात फाटतो. पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या चावीची खाच : पाव इंच. शाफ्टच्या टोकातले आटे : पुली धरून ठेवणारा बोल्ट यात बसतो, जुना बोल्ट नव्या आट्यांत जातो का हे आधी बघावं. फाउंडेशन बोल्टांची चार भोकं मोठ्या इंजिनांत दहा इंचांच्या वर्तुळावर असतात, म्हणजे लागून असलेल्या दोन भोकांत साधारण सात इंच. हे बऱ्याच कंपन्यांत सारखं आहे आणि हीच काय ती सुखाची बाब.

सायलेन्सर मात्र कधीच जुळत नाही असं समजून चालावं. एका सिलिंडरच्या जागी दोन सिलिंडरचं इंजिन घेतलं तर दोन तोंडं येतात, आणि ती पेट्रोलच्या नळीपासून आणि प्लास्टिकच्या बॉनेटपासून लांब वळवावी लागतात. बॉनेट वितळलेले ट्रॅक्टर विकायला आलेले दिसतात, त्यामागची गोष्ट बहुतेक हीच असते.

आणखी एक. नवं इंजिन मागवण्याआधी जुन्या शाफ्टवरून पीटीओचा क्लच निघतो का ते बघा. दहा-पंधरा वर्षांच्या गंजानं तो शाफ्टशी एकजीव झालेला असतो. गंज सोडवणारं तेल मारून दोन दिवस ठेवायचं, मग पुलर लावायचा. हातोडा मारला की क्लचचं बेअरिंग जातं, आणि नवा क्लच दीड-दोनशे डॉलर खातो. तेवढ्यावर 'स्वस्त' हा शब्द संपतो.

तारा : इथेच इंजिनं जळतात

मापं चुकली तर इंजिन बसत नाही, तारा चुकल्या तर बसलेलं इंजिन जळतं. म्हणून इथे जरा सावकाश.

घरातला दिवा बंद करायचा म्हणजे आपण वीज तोडतो. या इंजिनांचं उलटं आहे. फ्लायव्हीलवर चुंबक असतं, ते कॉइलजवळून जाताना ठिणगीची वीज तिथल्या तिथे तयार होते. ही मॅग्नेटो पद्धत. तिला बॅटरी लागतच नाही. इंजिन बंद करायचं तर त्या विजेला पळवाट द्यायची, म्हणजे कॉइलची तार अर्थ करायची. पाटाचं पाणी शेतात जाऊ द्यायचं नसेल तर बारं फोडून ते ओढ्यात सोडावं, तसं. या तारेला इथे किल वायर म्हणतात.

धोका असा, की या तारेत बाहेरून बॅटरीची वीज कधीच जाता कामा नये. बारा व्होल्ट लागले की कॉइलमधलं इलेक्ट्रॉनिक जळतं, तेही आवाज न करता. जुन्या ट्रॅक्टरांत नेमकं हेच घडतं. १९६० आणि ७० च्या दशकांतल्या बऱ्याच इंजिनांत ठिणगी बॅटरीवर चालायची, त्यामुळे चावी 'चालू'वर नेली की इग्निशनच्या तारेत बारा व्होल्ट यायचे. त्या तारेला नव्या इंजिनाची किल वायर जोडली, चावी फिरवली, की खेळ खलास. उपाय एकच : चावीचं स्विच मॅग्नेटोसाठीचं घ्यायचं. तशा स्विचच्या पाठीवर 'एम' आणि 'जी' अशी टोकं असतात, आणि चावी बंद असताना ती दोन एकमेकांना जोडली जातात. मल्टिमीटरनं दोन मिनिटांत कळतं.

कार्बोरेटरच्या खाली एक छोटं सोलेनॉइड असतं, ते बंद करताना पेट्रोल अडवतं. त्याला मात्र चालू असताना बारा व्होल्ट हवेत. दोन्ही तारा बऱ्याचदा शेजारीशेजारी येतात. रंगावर विसंबू नये.

मग चार्जिंग. फ्लायव्हीलखालच्या वेटोळ्यातून बॅटरी भरते. काही साध्या इंजिनांत ते वेटोळं तीन अँपिअर देतं. पीटीओचा विजेचा क्लच चारेक अँपिअर ओढतो. वरून बारीक नळ सोडलेला आणि खालून मोठा नळ उघडा, अशी ती टाकी. तासाभरानं बॅटरी उतरते, क्लच घसरायला लागतो, आणि माणूस इंजिनाला शिव्या देतो. विजेचा क्लच असेल तर पंधरा-सोळा अँपिअरचं, रेग्युलेटर असलेलं चार्जिंग बघूनच इंजिन घ्यावं. पीटीओ हातानं ओढायच्या दांडीवर असेल तर ही चिंता नाही.

शेवटी सीटखालचं स्विच. चालक उठला आणि पाती चालू असली तर इंजिन बंद पडतं, ते या स्विचमुळे. सीट, ब्रेक आणि पीटीओची स्विचं मिळून ती किल वायर अर्थ करतात. नव्या इंजिनाला जुनी जोडणी कळेना म्हणून 'तात्पुरती' ही स्विचं वगळणारे भेटतात. ज्या घराच्या अंगणात पोरं धावतात तिथे हे तात्पुरतंही करू नका. बाकी सगळ्या जुगाडांकडे मी कानाडोळा करीन, याकडे नाही.

जास्त हॉर्सपॉवरचं घेतलं तर बरं नाही का?

पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला हे पटकन कळेल. हॉर्सपॉवरचा जाहिरातीतला आकडा सुपर बिल्ट-अप असतो. प्रयोगशाळेत सायलेन्सर, एअर फिल्टर असलं ओझं उतरवून, ठरावीक फेऱ्यांना मोजलेला. शाफ्टवर प्रत्यक्ष मिळतं ते कार्पेट. अमेरिकेत या आकड्यांवरून गिऱ्हाइकांनी कंपन्यांवर दावे लावले होते आणि २०१० मध्ये सुमारे साडेसहा कोटी डॉलरची तडजोड झाली. आता बऱ्याच इंजिनांवर मोठ्या अक्षरात सीसी किंवा टॉर्क दिसतो. दोन इंजिनांची तुलना सीसीनंच करावी.

शिवाय पात्यांचा वेग इंजिनाच्या फेऱ्यांवर ठरतो आणि तो वाढवायचा नसतो. पात्याच्या टोकाला मिनिटाला १९,००० फुटांची मर्यादा अमेरिकन सुरक्षा मानकात घालून दिलेली आहे. फेऱ्यांना लगाम घालणारा गव्हर्नर मिनिटाला साधारण ३,६०० फेऱ्यांवर अडवतो तो उगाच नाही. आणि मागचा गिअरबॉक्स आहे तेवढाच राहतो. साध्या लॉन ट्रॅक्टरांतले हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, गिअरबॉक्स हलक्या कामाचे असतात. दहा वर्षं चढ चढलेला गिअरबॉक्स आधीच दमलेला असेल, तर त्याच्यापुढे ताज्या दमाचं इंजिन जुंपून हाती काय लागणार? इंजिनावर पैसे घालण्याआधी गरम झालेला ट्रॅक्टर चढावर नेऊन बघा. तिथे तो रेंगाळला तर विचार सोडून द्या.

चिनी इंजिन टिकतं का?

टिकतं, दोन अटींवर. एक, बॉक्समधून येताना त्यात तेल नसतं हे लक्षात ठेवायचं. तेल न घालता सुरू करून पहिल्याच दिवशी जाम केलेलं इंजिन वॉरंटीत बसत नाही. दोन, सुटे भाग मिळायला हवेत. जीएक्सच्या धाटणीच्या आडव्या इंजिनांना गॅस्केट, कार्बोरेटर, कॉइल कुठेही आणि स्वस्त मिळतात. अनोळखी ब्रँडच्या उभ्या इंजिनाचं तसं नाही. विकणारा दोन वर्षांनी बाजारात असेलच असं नाही, आणि तेव्हा पाच डॉलरच्या डायफ्रॅमसाठी यंत्र उभं राहतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी वेगळी गोष्ट. तिथल्या २०२१ च्या कायद्यामुळे २०२४ पासूनच्या छोट्या नव्या इंजिनांना शून्य उत्सर्जनाची अट लागली. जुनं यंत्र वापरायला बंदी नाही, पण नवं पेट्रोल इंजिन विकत घेणं तिथे अवघड आहे.

नवाच ट्रॅक्टर का घेऊ नये? किंवा बॅटरीवरचा?

४२ इंच रुंद डेकचा साधा नवा ट्रॅक्टर दोन ते अडीच हजार डॉलरला येतो. नामांकित कंपनीचं नवं उभं इंजिन हजाराच्या आसपास. वर क्लच, पट्टे, सायलेन्सर धरले की पंधराशे. म्हणजे डेक गंजलेला आणि गिअरबॉक्स दमलेला असेल तर हिशेब जुळतच नाही. बॅटरीवरचे ट्रॅक्टर चांगले आहेत, अर्ध्या एकरासाठी तर फारच. किंमत अजून चढी आहे, आणि सात-आठ वर्षांनी बॅटरीचं काय, हा बाबांचा प्रश्न माझ्याकडे उत्तराविना पडून आहे.

खरा स्वस्त पर्याय कुणी जाहिरातीत दाखवत नाही, कारण त्यात विकायला काही नसतं. गिअरबॉक्स गेलेला, पण इंजिन ठणठणीत असलेला दुसरा ट्रॅक्टर शोधायचा. असे ट्रॅक्टर शेकड्यानं पडलेले असतात, कारण गिअरबॉक्सही दुरुस्तीला परवडत नाही. मी तसाच घेतला, दोनशे डॉलरला. पंधरा मैलांवरच्या एका बाईंच्या कोठीत तो दोन वर्षं उभा होता. त्याच कंपनीचं इंजिन, सारखाच शाफ्ट, तीच चार भोकं, तारांचा कनेक्टरसुद्धा तोच. शनिवारी सकाळी सुरुवात केली, संध्याकाळी चहाच्या वेळी इंजिन चालू. कार्बोरेटर मात्र धुवावा लागला, जुन्या पेट्रोलचा त्यात डिंक झाला होता.

आणि आडवं इंजिन कुणाला बसतं

आमच्या शेजारच्या आजोबांकडे सत्तरच्या दशकातला व्हील हॉर्स आहे. इंडियानातल्या साउथ बेंडची ही कंपनी १९८६ मध्ये टोरोनं विकत घेतली. त्या काळच्या गार्डन ट्रॅक्टरांत इंजिन आडव्या शाफ्टचं असायचं, शाफ्ट बाजूला निघायचा आणि तिथून पट्टा गिअरबॉक्सकडे. अशा यंत्रांना ते जाहिरातीतलं स्वस्त इंजिन खरंच शोभतं. मागचे लोखंडी गिअर अजून पन्नास वर्षं जातील, मेलंय फक्त बारा हॉर्सपॉवरचं बिडाचं इंजिन.

त्यांनी ४२० सीसीचं चिनी आडवं इंजिन आणलं आणि बाबांना पंधरा दिवसांचं काम मिळालं. भाषा दोघांची वेगळी, पण पाने-पकडी एकच. जुना शाफ्ट सव्वा इंचाला थोडा कमी, नवा एक इंच, म्हणून पुलीत पितळी बुश घातला. भोकं जुळेनात, म्हणून जाड पत्र्याची तबकडी कापून मध्ये घेतली. पेट्रोलची टाकी नव्या इंजिनाच्या डोक्यावरची तशीच ठेवली, कारण खालच्या जुन्या टाकीतून वर पेट्रोल चढवायला पंप लागला असता. बॉनेट मात्र कापावं लागलं. चावीचं स्विच बदललं. बिडाचं वजन गेल्यामुळे पुढची बाजू हलकी झाली, तिथे आजोबांनी व्यायामाचं एक जुनं वजन बोल्टनं आवळलं.

पाच तास चालवून त्यांनी पहिलं तेल काढलं. उन्हात धरलं तर अभ्रकासारखी चमक. आजोबा घाबरले. बाबांनी दोन बोटांत ते तेल चोळलं, अंगठ्याला खर लागते का पाहिलं आणि मला म्हणाले, "सांग त्यांना, नव्याच्या रिंगा बसतायत. पुढच्या तेलातही चमक दिसली तर फोन करा म्हणावं. मी तोवर सांगलीत असेन."